घर वाजतंय म्हणून घर विकू नका

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत दुपारच्या सत्रात प्रश्नपेटी उघडली गेली. त्या वेळी आपल्या एका ज्येष्ठ ताईंनी चिठ्ठ्यांना दिलेली उत्तरं लिपिकांनी उतरवून घेतली. बोलणं जसं होतं तसंच ठेवलं आहे.)



जेवण झालंय, वरून ऊन आहे, त्यामुळे डोळे जड होणार. म्हणून मी काही भाषण करत नाही. सकाळी दारात जो डबा ठेवला होता त्यात तुम्ही चिठ्ठ्या टाकल्या. कर्जाच्या, हप्त्याच्या चिठ्ठ्यांना मॅडम उत्तरं देतील. माझ्या हातात दोनच दिल्यात. एक घराची आहे आणि एक आइस्क्रीमची. हसू नका. दोन्ही कामाच्या आहेत.

पहिली चिठ्ठी वाचते. नाव नाही लिहिलेलं, बरं केलं. "आमच्या घरात रात्री आवाज येतात. पत्र्यावर कुणी चालल्यासारखं होतं. मालक ऊसतोडीला गेलेत, घरी मी, सासूबाई आणि लेकरं. सासूबाई म्हणतात घर लाभत नाही. एकजण घर घ्यायला तयार आहे, ५०० च्या बाँडवर लिहून देऊ म्हणतो. काय करू?"

ही चिठ्ठी वाचली आन माझ्या पोटात गोळा आला. कारण सतरा-अठरा वर्षांपूर्वी ही चिठ्ठी मीच लिहिली असती. पण तेव्हा असा डबा नव्हता. माझं काय झालं ते शेवटी सांगते. आधी आवाजाचं बघू.

बायांनो, घर वाजतं. प्रत्येक घर वाजतं. पत्र्याचं घर तर जास्तच. दिवसभर उन्हानं लोखंडी पत्रा तापतो आणि वाढतो. दहा फुटी पत्रा दुपारी आणि रात्री यांच्यात जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो-आकसतो. एवढंसं वाटतं ना? पण तो हूक-बोल्टनं पाइपाला आवळलेला असतो. आकसताना तो अडतो, अडतो आणि एकदम सरकतो. तेव्हा "कट्ट" वाजतं. मग शेजारचा पत्रा वाजतो, मग त्याच्या पुढचा. खाली झोपलेल्या माणसाला वाटतं, कुणी पावलं टाकत चाललंय.

मग ओळखायचं कसं? वेळेवरून. दिवस मावळल्यापासून रात्री नऊ-दहापर्यंत आणि सकाळी ऊन चढताना वाजत असेल, ढगाळ दिवशी कमी वाजत असेल, तर तो पत्राच. मध्यरात्रीनंतर खुडखुड, कुरतडल्यासारखं, जागा बदलत येत असेल तर उंदीर-घूस. वारा सुटल्यावर धडधड होत असेल तर हूक सैल झालेत. मोटार बंद केल्या केल्या पाइपात धाडकन आवाज होत असेल तर पाइपात वर चढलेलं पाणी मागं येऊन आदळतंय, प्लंबरला व्हॉल्व्ह दाखवा.

मी काय सांगते, आपण गटाची वही लिहितो ना? तशी आठ दिवस आवाजाची वही लिहा. चार रकाने करा: तारीख, वेळ, कुठून आला, हवा कशी होती. लेकराला लिहायला लावा. आठ दिवसांनी वही समोर ठेवून सासूबाईंना वाचून दाखवा. भीती तोंडी असते तोवर वाढत जाते. वहीत उतरली की तिला वेळ दिसते, जागा दिसते.

पण सगळेच आवाज सोडून देण्यासारखे नसतात. तीन-चार आवाज असे आहेत की तिथं दुर्लक्ष करायचं नाही.

एक, गॅसच्या टाकीपाशी "सूंऽऽ" असा आवाज आणि वास. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लेकरांना बाहेर काढा. लाइटचं बटण चालू करायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, ठिणगी दोन्हीत पडते. बाहेर जाऊन १९०६ ला फोन लावा. हा गॅसगळतीचाच नंबर आहे.

दोन, मीटरच्या बोर्डात चरचर किंवा जळका वास. ओला हात लावू नका. मेन स्विच बंद करता येत असेल तर करा आणि वायरमनला बोलवा.

तीन, आणि हे माळवदाच्या घरवाल्या बायांनी नीट ऐका. पावसाळ्यात झड लागली की माळवदाची माती पाणी पिते आणि जड होते. त्या वेळी तुळईचा करकर आवाज, वरून बारीक माती गळणं, काल लागत असलेलं दार आज न लागणं, भिंतीला तिरकी चीर जाणं, यातल्या दोन गोष्टी जरी एकत्र दिसल्या तरी त्या खोलीत झोपायचं नाही. शाळेत जा, समाजमंदिरात जा, पण त्या छताखाली झोपू नका. आपल्या भागात दर पावसाळ्यात माळवद पडून माणसं जातात.

चीर जुनी का नवी, वाढतीय का थांबलीय, हे कळायला सोपी युक्ती आहे. चिरेवर आडवी सिमेंटची पातळ पट्टी लावा, बोटभर रुंद, आणि ओली असतानाच तिच्यावर तारीख कोरा. महिना-दोन महिन्यांनी पट्टी तशीच असेल तर चीर थांबलेली आहे. पट्टी तडकली तर भिंत हलतीय. मग गवंड्याला दाखवायचं.

चौथा आवाज जमिनीतला. इथं बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवत असेल. गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या आत किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं बसली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. जमीन तर हललीच, पण माणसं गेली ती जास्त करून घरांखाली दबून. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर जड माळवद. त्याच्या आदल्या वर्षीही किल्लारीत हादरे बसले होते. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावच्या बाया सांगतात, तिथं जमिनीतून गूढ आवाज बरीच वर्षं येतात. २०२४ साली मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये हिंगोली, नांदेड, परभणीकडे धक्के बसलेच. तर जमिनीतून गडगड आली, भांडी वाजली, तर ती करणी नाही, भानामती नाही. तलाठ्याला, तहसीलला कळवायचं, पत्र्यावर ठेवलेले दगड खाली काढायचे, आणि धक्का जाणवला की घराबाहेर मोकळ्या जागी यायचं.

आणि कुणी मांत्रिक आला, "घरात दोष आहे, अमुक हजार द्या, नारळ-कोंबडं द्या" म्हणाला, तर त्याला सांगा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. देवाला हात जोडायला माझी ना नाही. मीही रोज जोडते. पण सैल हूक पान्यानं आवळावा लागतो, नारळानं नाही.

आता चिठ्ठीतला दुसरा भाग. घर विकायचं.

घर विकणं हा काही गुन्हा नाही. गरज असते, गाव सोडावं लागतं, लेकराच्या आजारपणाला पैसा लागतो. विकायचं तर विका. पण भीतीपोटी विकू नका, घाईत विकू नका, आणि बाँडवर तर मुळीच विकू नका.

५०० च्या बाँडवर लिहून, नोटरीचा शिक्का मारून घर विकलं जात नाही. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल, आणि आज कुठलं घर त्याहून कमी आहे, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नोंदवावंच लागतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हे असंच आहे. तुम्ही म्हणाल, खरेदी पक्की नाही तर फसला तो घेणारा. नाही बायांनो. तो घरात राहायला येतो, ताबा त्याच्याकडे जातो, अर्धे पैसे त्याच्याकडेच राहतात, आणि कोर्टाच्या चकरा आपल्या नशिबी येतात.

पायरी पायरीनं सांगते, लिहून घ्या.

पहिली पायरी, घर कुणाच्या नावावर आहे ते बघा. ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा. पण तो घरपट्टीचा उतारा आहे, एवढ्यावर मालकी पक्की होत नाही. गावात स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळते, ती काढा. ही योजना २०२० साली सुरू झाली, बऱ्याच गावांत पत्रिका वाटल्यात. आपल्या गावाचं काय झालं ते ग्रामसेवकांना विचारा.

दुसरी पायरी, हिस्सेदार किती ते मोजा. नवरा वारला असेल आणि घर त्याच्या नावावर असेल, तर बायको, मुलं, मुली आणि नवऱ्याची आई हे सगळे वारस आहेत. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा जात नाही. आधी कायद्यात एक कलम होतं की राहत्या घराची वाटणी भावांनी मागेपर्यंत मुलीला मागता येत नाही. ते २००५ साली काढून टाकलं. त्याच वर्षी वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क मिळाला. आपल्या महाराष्ट्रानं त्याच्याही आधी, १९९४ सालीच, तसा बदल केला होता. आणि लेकरू अठराच्या आतलं असेल तर त्याचा हिस्सा आईनं परस्पर विकायचा नसतो, कोर्टाच्या परवानगीचा प्रश्न येतो. वकिलाला विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

इथं माहेरवाशिणींना एक सांगते. भाऊ म्हणतो, "आक्का, फक्त सही कर, कागदाला लागते." तो कागद आधी वाचून घ्या. हक्कसोडपत्र असेल तर सही झाली की हक्क संपला. भावाला प्रेमानं द्यायचंय, खुशाल द्या. पण देताना आपण देतोय हे ठाऊक पाहिजे.

तिसरी पायरी, भाव. घेणारा सांगेल तो भाव नसतो. सरकारी मूल्यदर, ज्याला आपण रेडीरेकनर म्हणतो, तो दुय्यम निबंधकाकडे कळतो. शेजारी गेल्या वर्षात कुणी विकलं, कितीला विकलं, तेही विचारा. तीन माणसांना विचारल्याशिवाय तोंडातून आकडा काढू नका.

चौथी पायरी, पैसे. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकराच्या कायद्यानं बंदी आहे. हे आपल्या फायद्याचंच आहे. पैसे आपल्या खात्यावर घ्या. इसार घेतला तर इसारपावती करा, त्यात पूर्ण रक्कम, उरलेली रक्कम, शेवटची तारीख आणि ताबा कधी ते लिहा. आणि उरलेले पैसे खात्यावर आल्याचं बँकेत बघितल्याशिवाय खरेदीखतावर सही नाही, अंगठा नाही, किल्ली नाही.

पाचवी पायरी, घेणाऱ्या बायांसाठी. राहतं घर बाईच्या एकटीच्या नावानं घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पाच लाखांच्या घरावर पाच हजार वाचतात. घरात हा हिशोब सांगून बघा, बऱ्याच मालकांना पटतो.

घरकुल योजनेतलं घर असेल तर विकण्याआधी पंचायत समितीत अट विचारा. आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत असं म्हणू नका. बाईला, मग तिचं उत्पन्न कितीही असो, फुकट कायदेशीर मदत मागायचा हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जा. १५१०० हा त्यांचा फोन आहे.

आता माझं सांगते.

मालक वारले त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पत्र्याच्या तीन खोल्या. लेकरं लहान, धाकटा चार वर्षांचा. रात्री वारं सुटलं की पत्रा धाडधाड वाजायचा. मी लेकरांना कवटाळून बसायची. शेजारपाजारचे म्हणायचे, ह्या घरानं माणूस खाल्लं. मलाही तसंच वाटायला लागलं. गावातल्याच एकानं एक लाखाला मागितलं. बाँड लिहिला, चाळीस हजार हातावर ठेवले, बाकीचे दिवाळीला म्हणाला. मी किल्ली दिली आणि माहेरी गेले.

दिवाळी गेली, शिमगा गेला. मागायला गेलं की चहा पाजायचा, पैसे नाही. तिसऱ्या वर्षी चार माणसं बसवली, तेव्हा आणखी वीस हजार दिले. चाळीस हजार बुडाले ते बुडालेच.

पण मला जास्त काय लागलं सांगू? शेवटच्या खेपेला गेले तेव्हा ओसरीवर बसले होते. वारं सुटलेलं होतं आणि घर गप होतं. मी विचारलं, आता वाजत नाही का हो? तो हसून म्हणाला, "वहिनी, पाच हूक सैल होते. रबराचे वायसर बदलले, दीडशे रुपये खर्च आला."

दीडशे रुपये. (सभागृहात थोडा वेळ शांतता.)

मी त्याला एकट्याला दोष देत नाही. मला कुणी शिडी लावून वर बघ म्हणालं नाही. आणि मीही कुणाला विचारलं नाही, कारण विधवा बाईनं रात्रीच्या भीतीचं कुणाला सांगायचं? आज माझ्या नावावर घरकुल आहे, पोरं हाताशी आलीत, रडायचं काही कारण नाही. पण ज्या ताईनं ही चिठ्ठी लिहिली तिला सांगते, तुझ्या ग्रामसंघात पंधरा-वीस गट आहेत. कुणाचा ना कुणाचा नवरा नाहीतर भाऊ गवंडी, वेल्डर असेलच. उद्याच्या उद्या शिडी लावायला सांग. आणि तोवर रात्रीला गटातली एखादी बाई सोबतीला झोपायला येऊ दे. आपण कर्जाला एकमेकीला जामीन राहतो, मग झोपेला का नाही?

आता ही दुसरी चिठ्ठी. तोंड गोड करू. "उन्हाळ्यात जत्रेत आइस्क्रीम विकायचं आहे. घरी करते तर बर्फाचे खडे होतात. काय चुकतं? आणि परवडेल का?"

चुकतं ते पाणी. दुधातलं पाणी हळूहळू गोठलं की त्याचे मोठे खडे होतात. म्हणून तीन गोष्टी करायच्या: पाणी कमी करायचं, लवकर गोठवायचं, गोठताना हलवत राहायचं.

एक लिटर म्हशीचं दूध घ्या. पाऊण लिटर होईस्तोवर आटवा. दीडशे ग्रॅम साखर आणि थंड दुधात कालवलेलं दोन चमचे कॉर्नफ्लोअर घालून पाच मिनिटं उकळा. पूर्ण गार झाल्यावर वाटीभर घोटलेली साय आणि वेलची घाला. फ्रीजवाल्यांनी अर्धवट गोठल्यावर बाहेर काढून मिक्सरमधून फिरवायचं आणि परत ठेवायचं. असं दोनदा. वर झाकण घट्ट पाहिजे.

फ्रीज नसेल, लाइट जात असेल, तर पॉट सगळ्यात चांगला. मधल्या डब्यात दूध, भोवती चार भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ, आणि अर्धा तास हँडल फिरवायचं. मीठ कशाला? नुसता बर्फ शून्य अंशावर असतो, तेवढ्यात गोड दूध गोठत नाही. मीठ पडलं की बर्फ भराभर वितळायला लागतो, वितळायला त्याला उष्णता लागते, ती तो दुधातून ओढून घेतो. त्यामुळे गारवा शून्याच्या बराच खाली जातो, अगदी उणे वीसच्या जवळसुद्धा जाऊ शकतो. फक्त खारं पाणी डब्यात शिरू देऊ नका. डबा काढताना झाकण आधी पुसा.

आता विकायचं तर चार नियम. उलाढाल छोटी असेल तर अन्न सुरक्षेची साधी नोंदणी लागते. निळसर बर्फ खाण्यात वापरायचा नाही. महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग घालायचा नियम ओळखण्यासाठीच केलाय. वनस्पती तूप-तेल घातलं तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, फ्रोझन डेझर्ट म्हणावं लागतं. आणि एकदा वितळलेलं परत गोठवून लेकरांना द्यायचं नाही. नुकसान झालं तरी चालेल, ओतून द्या.

परवडेल का? हिशोब करू. आमच्याकडचे भाव धरते, तुम्ही तुमचे धरा. दूध ७०, साय २०, साखर ७, कॉर्नफ्लोअर-वेलची ८, गॅस १०, बर्फ-मीठ २५, बारा कप-चमचे २४. झाले १६४ रुपये. बारा कप वीस रुपयांनी गेले तर २४०. उरले ७६. आणि हात दोन तास राबले. एका लिटरात मजुरीसुद्धा नीट सुटत नाही. पण पाच लिटरचा पॉट एकदाच फिरवला, तर तेवढ्याच वेळात थोडं पुढं-मागं करून पावणेचारशेच्या वर उरतात. म्हणून एकटीनं नको, तिघी मिळून करा. एक दूध आटवणार, एक फिरवणार, एक विकणार. पहिल्या जत्रेला कर्ज काढू नका. पॉट भाड्यानं आणा, एक दिवस विकून बघा, वहीत लिहा, मग गटात प्रस्ताव ठेवा.

दोन्ही चिठ्ठ्यांचं उत्तर माझ्यापुरतं एकच आहे, बायांनो. आधी वहीत लिहा, मग चार जणींना विचारा, मग सही करा. मी उलटं केलं होतं. आधी सही केली.

 आणि चिठ्ठीवाल्या ताई, तू जी कोणी असशील, शिडी लावल्यावर काय निघालं ते मला पुढच्या बैठकीला येऊन सांग. मी वाट बघते.